घडी बरोबर बसली तर

सुरतेत साडीची घडी घालणारा कारागीर बुट्ट्यावर बुट्टा बसवतो. मापात बोटभर चूक धरली की दहाव्या घडीला नक्षीचा पत्ता नसतो. तिथल्या लिंबायत भागात वाढल्याने हे लहानपणापासून पाहिलेलं. खोडदला दुर्बीण बघायला गेलो, तर तिथेही घडीच निघाली.

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, लोकांना पाहायला मिळते. मोबाइल बंद. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. माझी नजर आधी जाळीवर गेली (सवय!). बारीक पोलादी तार; वारा आरपार जातो, रेडिओ लहरी मात्र अडतात.

या लहरींत शोधायचं काय, ते असं: मोठा तारा फुटला की मागे तेजाळ ढग उरतो आणि कधी कधी त्याच्या पोटात गरगरणारा पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्याने रेडिओ लहरींचे ठोके देणारा ताऱ्याचा गाभा. पण ढग स्वतःच रेडिओत इतका झगझगतो की आतला ठोका हरवून जातो. जी२१.५-०.९ या अशाच अवशेषात पल्सार असणार हा संशय जुना होता. पल्सार सापडला जीएमआरटीवर. यशवंत गुप्ता, दीपांजन मित्रा आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘करंट सायन्स’मध्ये तो जाहीर केला. ठोका दर ६१.८६ मिलिसेकंदांनी.

ठोका धड पोचतही नाही. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी मागे रेंगाळतात. ६१० मेगाहर्ट्झच्या आसपास १६ मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला, तर त्याच्या दोन टोकांत सुमारे १०० मिलिसेकंदांचं अंतर पडतं, म्हणजे एक ठोका पुढच्यावर सांडलेला. म्हणून पट्ट्याच्या चिंध्या करून प्रत्येक चिंधी मागेपुढे सरकवायची. किती सरकवायची, हे आधी ठाऊक नसतं. अंदाजामागून अंदाज करून पाहायचे. मग ठेका शोधायचा आणि त्या मापाने नोंदीची घडी घालायची. तासाभरात ५८ हजारांवर घड्या! मापात लाखात एकाची चूक असली, तरी शेवटी ठोका अर्ध्या घडीहून जास्त सरकलेला असतो. बरोबर बसली, तर गोंगाट एकमेकांत विरतो आणि एक टोक वर येतं.

दुर्बीण म्हणजे डोळा लावायची वस्तू, हा समज मी तिथेच सोडला. हे काम घडीवाल्याचं आहे.

सुरतेहून नाशिकमार्गे नारायणगाव गाठता येतं. २८ फेब्रुवारीला गेलात, तर तबकड्यांसमोर फोटो नाही म्हणून खट्टू होऊ नका. घडी कशी घालतात, ते मात्र विचारा.