वाकडं पाऊल, जगज्जेती धाव

मागे एका ओळखीच्या घरी बारशाला गेले होते. पाळण्यातल्या छोकरीचं उजवं पाऊल आत वळलेलं. बायकांची कुजबुज सुरू, ‘ग्रहण पाळलं नसेल!’ बाळंतीण बिचारी मान खाली घालून बसलेली. मला एकदम मॅगी अल्फॉन्सी आठवली.

मॅगी लंडनची, जन्म १९८३ चा. घराणं मूळचं नायजेरियाचं. वाढवलं एकट्या आईनं. तिचाही पाय जन्मतः असाच, ज्याला डॉक्टर ‘क्लबफूट’ म्हणतात. आणि ही मुलगी खेळली काय, तर रग्बी!

रग्बी म्हणजे पंधरा-पंधरा जणींचा धसमुसळा खेळ. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरचीनं कबड्डीसारखी पकड करून पाडायचं. पकडीत मॅगी अशी पक्की, की तिचं नावच पडलं ‘मशीन’! शाळेतल्या खेळाच्या बाई लिझा बर्जेस स्वतः वेल्सकडून खेळलेल्या. त्यांनीच तिला ही वाट दाखवली.

२००३ मध्ये ती इंग्लंडच्या संघात आली. एकूण ७४ सामने खेळली. २०१० च्या विश्वचषकाची अंतिम फेरी घरच्या मैदानावर होती, पण न्यूझीलंडनं १३-१० असं हरवलं. अवघ्या तीन गुणांनी! दुसरी कुणी खचली असती. मॅगीनं चार वर्षं वाट पाहिली. २०१४ मध्ये पॅरिसला कॅनडाला २१-९ हरवून इंग्लंडनं विश्वचषक जिंकला आणि मगच तिनं निवृत्ती घेतली. पुढच्याच वर्षी ती पुरुषांच्या विश्वचषकाचं समालोचन करत होती!

हे सगळं मी त्या बाळंतिणीला सांगितलं. ग्रहणाचा नि पावलाचा काडीचाही संबंध नाही, हे सासूबाईंनाही ऐकवलं. जन्मल्यावर लवकर दाखवलं, तर आठवड्याला एक अशी काही प्लास्टरं घालून, गरज पडल्यास टाचेमागची शीर थोडी मोकळी करून पाऊल सरळ करता येतं. पुढे चार-पाच वर्षं झोपताना खास बूट घालावे लागतात. ते कंटाळून सोडले, तर पाय पुन्हा वळू शकतो. सरकारी दवाखान्यात याची चौकशी जरूर करा.

परवा तिच्याबरोबर गेले, पहिलं प्लास्टर झालं. परतताना एसटीत तिनं हळूच विचारलं, “काकू, ती मॅगी खरंच पळायची?”

“पळायची, आणि समोरचीला पाडायचीसुद्धा!”

बारशानंतर ती पहिल्यांदाच हसली.