खाच सुताराची, शर्यत तारेची

मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की बालाघाटच्या माथ्यावर नेकनूर लागतं. रविवारचा बाजार आणि बंकटस्वामी महाराजांचं संस्थान, या दोन गोष्टींमुळे बीड जिल्ह्यात हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. या टापूतल्या शेतकऱ्याला विजेचं एक गणित कुणी शिकवावं लागत नाही. डीपीपासून शेत जितकं लांब आणि केबल जितकी बारीक, तितकी बोअरची मोटार कण्हते, तापते आणि एक दिवस जळते. म्हणून जाणता वाइंडिंगवाला जळकी मोटार हातात घेताना आधी विचारतो, केबल किती फूट आणि किती एमएमची? हाच प्रश्न एका देखण्या खेळाच्या मुळाशी आहे. तो खेळ घरात उभा करायला लागणारं बहुतेक सगळं कसब आपल्या गावांत आधीपासून नांदतं आहे, असं माझं ठाम मत आहे.

खेळ स्लॉट कारचा. खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याची, वीतभराहून लहान गाडी लाकडी रस्त्यावर पळते. तिच्या नाकाखाली एक पातं असतं, ते रस्त्यातल्या खाचेत बसतं आणि गाडीला वळवतं. खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याच्या पट्ट्या असतात. पात्याच्या दोन बाजूंचे तारेचे मऊ झुबके त्या पट्ट्यांवर घासत जातात आणि गाडीतल्या चिमुकल्या मोटारीला १२ व्होल्टचा डीसी पुरवठा मिळतो. खेळणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट उरते, बोटाखालचा ट्रिगर. दाबला की वेग, सोडला की ब्रेक. स्टिअरिंग नाही म्हणून हा खेळ सोपा वाटतो. पण वळणावर बोट जरा जास्त दाबलं गेलं की गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते, पातं खाचेतून सुटतं आणि गाडी भिंतीला भेटते. वेग कुठे सोडायचा आणि कुठे परत धरायचा, एवढ्यावर सगळी शर्यत ठरते.

विजेवरच्या मोटारींच्या शर्यतीचा संच अमेरिकेतल्या लायनेल कंपनीने १९१२ मध्येच काढला होता. पण आज आपण ज्याला स्लॉट कार म्हणतो तो खेळ घराघरांत नेला इंग्लंडच्या फ्रेड फ्रान्सिस यांनी. ते मूळचे साचे-हत्यारं घडवणारे कारागीर. त्यांची मिनिमॉडेल्स कंपनी १९५२ पासून चावीच्या पत्र्याच्या गाड्या विकत होती. चावीची गाडी एकदा सोडली की तिच्यावर कुणाचा ताबा नाही, ही तिची मर्यादा होती. फ्रान्सिस यांनी त्याच गाड्यांत विजेची मोटार बसवली, रबरी रस्त्यात खाच पाडली, आणि जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या जत्रेत ‘स्केलेक्स्ट्रिक’ मांडलं. मागणी इतकी आली की पुढच्याच वर्षी त्यांनी कंपनी लाइन्स ब्रदर्सला विकून टाकली. साठच्या दशकात अमेरिकेत या शर्यतींसाठी खास दालनं निघाली. तिथे सहा-सहा, आठ-आठ लेनचे लाकडी ट्रॅक असत आणि पोरं तासावर पैसे देऊन खेळत. ती लाट दशक संपता संपता ओसरली. उरली ती घरात, गॅरेजमध्ये, क्लबात स्वतः ट्रॅक कोरणारी मंडळी. डब्यातल्या प्लास्टिकच्या तुकड्यांचा ट्रॅक जोडायला दहा मिनिटं लागतात, पण प्रत्येक जोड हा विजेचा अडथळा असतो आणि वळणं कंपनी देईल तीच. लाकडात कोरलेल्या ट्रॅकला जोड नाही. वळण हवं तसं घेता येतं.

नेकनूरमध्ये हा ट्रॅक करायचा तर सुरुवात प्लायवूडच्या दुकानातून होईल. एमडीएफची आठ बाय चार फुटांची एक शीट, १२ मिलिमीटर जाडीची. वजन पंचवीस किलोच्या पुढे, त्यामुळे उचलायला दोन माणसं लागतात. प्लायवूडपेक्षा एमडीएफ बरं, कारण त्यात रेषा नाहीत, गाठी नाहीत, राऊटरचं, म्हणजे खाच कोरणाऱ्या यंत्राचं, पातं कुठेही अडखळत नाही. त्याचा एकच मोठा शत्रू म्हणजे पाणी. बीडचा कोरडेपणा इथे कामाला येतो, पण पावसाळ्याचे दोन-तीन महिने दमट असतातच. ओल शोषून एमडीएफ फुगलं की तीन मिलिमीटरची खाच अडीचची होते आणि गाडीचं पातं अडकतं. म्हणून वरची बाजू, खालची बाजू, कडा आणि खुद्द खाचेच्या आतल्या भिंती, सगळीकडे प्रायमर गेला पाहिजे. बरेच लोक वरचा रस्ता रंगवतात आणि खालची बाजू कोरी सोडतात. मग शीट एका अंगाने ओल धरते आणि वाकते.

कोरण्याचं काम सुताराला आवडेल असं आहे. मॉड्युलर किचन आणि दारांच्या नक्षीमुळे राऊटर आता तालुक्या-गावांतल्या सुतारांकडेही दिसू लागलं आहे. त्यात ३ मिलिमीटरचं सरळ पातं लावायचं. खाच सात ते आठ मिलिमीटर खोल हवी, पण एका दमात एवढं खोल जायचं नाही. एवढं बारीक पातं तापून तुटतं, म्हणून दोन-तीन फेऱ्यांत उतरायचं. वळणासाठी लवचिक प्लास्टिकची जाड पट्टी आखलेल्या रेषेवर बारीक खिळ्यांनी ठोकायची आणि राऊटरचा तळ तिला घासत न्यायचा. पट्टी स्वतःच्या स्वभावाने वाकते, त्यामुळे वळण सलग येतं, कुठे कोपरा राहत नाही. हाताने आखलेल्या वळणात नकळत राहिलेला कोपरा डोळ्याला दिसत नाही, पण गाडीला बरोबर कळतो. ती दर फेरीला तिथेच उडते.

दुसरी लेन कोरायची युक्ती मला या सगळ्या कामात सर्वांत सुंदर वाटते. राऊटरच्या तळाला एक फळी जोडायची आणि पात्यापासून बरोबर ९० मिलिमीटरवर तिच्यात एक छोटी खुंटी बसवायची. खुंटी पहिल्या खाचेत सोडली की राऊटर आपोआप त्या खाचेच्या समांतर चालतं. सरळ भागात, वळणात, सगळीकडे अंतर तेच राहतं. पट्टी नको, आखणी नको. पहिली खाच नीट उतरली असेल तर दुसरी बिघडणं कठीण, आणि पहिलीत चूक असेल तर दुसरी तीच चूक इमानाने गिरवते. एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्यात फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो. हे काम अंगणात करावं, नाका-तोंडावर चांगला मास्क लावून. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही.

आता त्या दोन लेनची लांबी. आतली लेन आखूड, हे कुणीही सांगेल. किती आखूड, ते मात्र आश्चर्य वाटावं असं आहे. दोन खाचांत ९० मिलिमीटर अंतर असेल, तर एका फेरीत फरक सुमारे ५६ सेंटीमीटर येतो. ट्रॅक गोल असो, लांबट असो, आत-बाहेर कितीही नागमोडी असो, स्वतःला न ओलांडणाऱ्या कोणत्याही बंद रस्त्यावर फरक तेवढाच. उजवी-डावी वळणं एकमेकांना खोडत जातात आणि शेवटी एक पूर्ण वेढा उरतो, म्हणून हिशेब दोन पाय (२π) गुणिले अंतर एवढाच. फरक शून्यावर आणायचा तर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा ट्रॅक हवा. एक वेढा उजवा, एक डावा, आणि मध्ये पूल. दहावीच्या भूमितीच्या तासाला हे शिकवावं असं मला मनापासून वाटतं.

इथपर्यंत सुताराचं राज्य. रंग झाला (रोलरने मारलेला मॅट इमल्शन उत्तम, त्याच्या खरखरीवर टायर पकड घेतात) की खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याची चिकट पट्टी बसवायची. पट्टी वळणावर हलक्या हाताने ताणत न्यायची आणि आतल्या कडेला पडणाऱ्या चुण्या चमच्याच्या पाठीने दाबून बसवायच्या. पट्टीचं रिळ संपलं तर नवा तुकडा नुसता वर चिकटवून भागत नाही. मधला डिंक वीज नीट जाऊ देत नाही, तिथे सोल्डर मारावंच लागतं. मोठे क्लब पट्टीऐवजी विणलेली, चपटी तांब्याची वेणी वापरतात. तिच्यासाठी खाचेच्या दोन्ही बाजूंना उथळ चर पाडावा लागतो. टिकाऊपणात तिला तोड नाही, पण पहिल्या ट्रॅकला पट्टी पुरे.

आणि इथे मोटार वाइंडिंगवाल्याचा प्रश्न परत येतो. ही पट्टी ५ मिलिमीटर रुंद आणि ०.०३५ मिलिमीटर जाड धरली, तर एका मीटरला तिचा रोध साधारण ०.१ ओहम भरतो. आकडा किरकोळ वाटतो. आठ बाय चारच्या शीटवर आतबाहेर वळणं घेतलेली लेन सात मीटरची धरू. एकाच ठिकाणी वीज दिली आणि पट्टीचं वर्तुळ कुठेतरी तुटलेलं असेल, तर टोकाच्या गाडीपर्यंत वीज सात मीटर जाते आणि सात मीटर परत येते. रोध झाला १.४ ओहम. गाडी वळणातून निघून जोर धरताना क्षणभर दोन अँपिअर ओढते, म्हणजे २.८ व्होल्ट वाटेतच गेले. बारातले नऊ उरले. खेळणाऱ्याला वाटतं गाडी खराब, टायर खराब. खरं तर शेत डीपीपासून लांब पडलेलं असतं.

यावरचा उपायही शेतातलाच, जाड केबल. शीटच्या खाली लेनबरोबर दीड स्क्वेअर एमएमच्या दोन वायरी फिरवायच्या, एक प्लस आणि एक मायनस. दर दोन मीटरवर एक भोक पाडून पट्टीचं टोक खाली वळवायचं आणि वायरीला सोल्डर करायचं. दीडच्या वायरीचा रोध त्या पट्टीच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी असतो. लांबचा प्रवास वीज वायरीतून करते आणि पट्टीतून फक्त शेवटचं मीटरभर चालते. घराच्या वायरिंगमधल्या रंगांची शिस्त इथेही पाळावी आणि प्रत्येक लेनची वायर वेगळी ठेवावी. शीट उलटी केली की तिच्या पोटात काय चाललंय ते एका नजरेत कळायला हवं.

हातातल्या कंट्रोलरला तीन वायरी असतात. रूढ रंग असे: पांढरी पुरवठ्याच्या प्लसला, काळी ट्रॅकच्या एका पट्टीला, लाल ट्रॅकच्या दुसऱ्या पट्टीला, जी मायनसलाही जोडलेली असते. ट्रिगर दाबताना पांढऱ्याची वीज काळीत जाते, मधला रोध जसा कमी होईल तसा वेग वाढतो. ट्रिगर पूर्ण सोडला की काळी आणि लाल एकमेकींना जोडल्या जातात, म्हणजे दोन्ही पट्ट्या शॉर्ट. पुरवठा तोडलेला असतो, पण गाडी अजून पळत असते. तिची फिरती मोटार आता जनित्र बनते, स्वतःच वीज तयार करते, आणि शॉर्टमुळे ती वीज तिलाच उलटा जोर लावते. गाडीत ब्रेकचा एकही सुटा भाग नसताना गाडी थांबते. लाल वायर सुटली तर गाडी चालते, पण ब्रेक जातो आणि ती पुढच्या वळणावर थेट बाहेर. नव्या ट्रॅकवर गाड्या सारख्या उडत असतील तर आधी ही वायर तपासावी.

पुरवठ्यासाठी फार शोधाशोध नको. सीसीटीव्ही आणि एलईडीसाठी मिळणारा १२ व्होल्टचा एसएमपीएस चालतो. प्रत्येक लेनला वेगळा घेतला तर उत्तम. एकाच अशक्त पुरवठ्यावर दोन गाड्या असतील, तर एक उडाली की दुसरी एकदम झेपावते आणि तीही उडते. लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरीही चालेल. अमेरिकेतल्या सर्वांत वेगवान गाड्यांचे ट्रॅक मोटारींच्या बॅटऱ्यांवरच चालत आले आहेत, कारण बॅटरीइतकी सलग आणि दमदार डीसी दुसरीकडे मिळत नाही. मात्र बॅटरीला प्रत्येक लेनसाठी चार-पाच अँपिअरचा फ्यूज हवाच. शॉर्ट झाल्यावर बॅटरी थांबत नाही, वायर पेटवते.

मराठी माणसाने या वाटेवर किती मोठं काम केलं आहे हे पाहायचं असेल तर पुण्यात कोथरूडला, जी. ए. कुलकर्णी पथावर जावं. सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्सचे बी. एस. तथा भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून तिथे लहान रेल्वेंचं संग्रहालय उभं राहिलं आणि १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांना खुलं झालं. डोंगर, बोगदे, स्थानकं, सिग्नल, सर्कस असं सगळं नगर तिथे स्वयंचलित धावतं. रेल्वेला दोन रूळ आणि स्लॉट कारला दोन पट्ट्या, तत्त्व एकच. बीड शहरात खरी रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, पहिल्यांदा धावली. इथल्या मुलांनी रेल्वेची वाट पाहण्यात पिढ्या घालवल्या. निदान छोट्या ट्रॅकसाठी तरी त्यांनी कुणाची वाट पाहू नये.

ट्रॅक पूर्ण झाला की गाडी ठेवण्याआधी मल्टिमीटर फिरवावा. बारा व्होल्टचा, २१ वॅटचा मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब पट्ट्यांना टेकवायचा, म्हणजे पावणेदोन अँपिअरचा भार पडतो, आणि त्याच वेळी व्होल्ट मोजायचे. भार न टाकता मोजलं तर तुटका जोडही बारा व्होल्ट दाखवतो आणि फसवतो. जिथे आकडा अर्ध्या व्होल्टहून जास्त उतरेल, तिथे खालचं सोल्डर परत तापवायचं. मग दोघांनी प्रत्येकी तीन मिनिटं खेळायचं, लेन बदलायच्या, पुन्हा तीन मिनिटं, आणि दोन्ही लेनच्या फेऱ्यांची बेरीज करायची. वेळ संपताना गाडी जिथे थांबेल तिथपर्यंतची अर्धी-पाव फेरीही धरायची. तिसरं पोर मध्ये उभं राहून उडालेल्या गाड्या खाचेत परत बसवतं, आणि पुढच्या डावाला त्याचा नंबर.