मारा कथलाचा, उजेड चिपसाठी, पैसे स्पर्धकांचे!

कथलाचा एक थेंब, केसाच्या निम्म्याहूनही बारीक. निर्वात पेटीत सेकंदाला असे 50,000 थेंब सुटतात आणि प्रत्येकाला लेझरचे दोन तडाखे बसतात. पहिल्याने थेंब भाकरीसारखा थापला जातो. दुसऱ्याने त्याचा प्लाझ्मा होतो आणि तापमान दोन लाख अंशांच्या वर जातं. सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेपाच हजार अंशांचा! हा सारा खटाटोप 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडासाठी. त्याचं नाव एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट, लाडाने ईयूव्ही. आजच्या सर्वात प्रगत चिपांवरची सर्वात बारीक नक्षी यानेच उमटते.

उजेड मात्र महानखरेल. त्याला हवा गिळते, काचही गिळते. म्हणून भिंग बाद, फक्त आरसे. त्यांवर मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनचे आलटून-पालटून थर, तरीही प्रत्येक आरसा तीसेक टक्के उजेड खाऊन टाकतो. दहा-अकरा आरशांचा प्रवास करून वेफरपर्यंत, म्हणजे चिप जिच्यावर घडते त्या सिलिकॉनच्या चकतीपर्यंत, पोचतात दोन-तीन टक्के. यंत्राला वीज खायला मेगावॉटच्या आसपास, मूळ उजेड काहीशे वॅट आणि त्यातलीही बहुतेक रक्कम वाटेतच खर्च! आरसे बनवते जर्मनीची झाइस. गुळगुळीतपणा केवढा? आरसा जर्मनीएवढा मोठा केला, तर त्यावरचा सर्वात मोठा उंचवटा मिलिमीटरचा दहावा भाग भरेल.

1986 साली जपानच्या हिरोओ किनोशिता यांनी अशा किरणांनी प्रतिमा उमटवल्याचं सांगितलं, तेव्हा ऐकणाऱ्यांचा विश्वासच बसला नाही. त्याच दशकात अमेरिकेत लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेतही हाच विचार सुरू होता. अण्वस्त्रांची रचना करणारी ही जागा. लेझर आणि क्ष-किरणांवरची तिथली हुकमत चिपच्या कामी आली.

पुढे सरकारने हात आखडता घेतला. मग खिशात हात घातला इंटेलने. 1997 मध्ये इंटेल, एएमडी आणि मोटोरोला यांनी मिळून ‘ईयूव्ही एलएलसी’ ही कंपनी काढली. बाजारात एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या इंटेल-एएमडीने एकाच गल्ल्यात पैसे टाकावेत, ही मला या कहाणीतली सगळ्यात मजेदार गोष्ट वाटते. करार 25 कोटी डॉलरच्या घरातला, आणि समोर एक नव्हे, तीन सरकारी प्रयोगशाळा : लिव्हरमोर, बर्कली आणि सँडिया. आरसे, मोजमाप, यंत्राची जुळणी अशी कामं वाटून घेतली गेली आणि 2001 मध्ये नमुना यंत्र तयार झालं.

आता यंत्र विकायला बनवणार कोण? अमेरिकेत लिथोग्राफीच्या, म्हणजे चिपवर नक्षी छापण्याच्या, यंत्रांच्या कंपन्या आधीच मागे पडल्या होत्या. जपान्यांना आत घ्यायला वॉशिंग्टन राजी नव्हतं. बाजी मारली नेदरलँड्सच्या एएसएमएलने. या कंपनीचा जन्म 1984 चा, फिलिप्सच्या आवारातल्या गळक्या शेडमधला! अमेरिकेत कारखाना आणि संशोधन केंद्र काढू, असं कबूल करून 1999 मध्ये ती आत शिरली. म्हणजे संशोधन अमेरिकी प्रयोगशाळांचं, दुकान डचांचं.

तरी दुकान उघडायला किती उशीर! पुरेसा तेज उजेडच निघेना. 2012 मध्ये एएसएमएलने आपल्याच गिऱ्हाइकांना, म्हणजे इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंगला, कंपनीत भागीदार करून घेतलं, मग उजेड बनवणारी सॅन दिएगोची सायमर कंपनीच विकत घेतली. 2018-19 च्या सुमारास कुठे ईयूव्हीच्या चिपा घाऊक निघू लागल्या.

यंत्र हलवायचं म्हणजे लग्नाची वरात परवडली : सुटे भाग लाखभर, कंटेनर चाळीस, वर मालवाहू विमानं. नव्या पिढीच्या एका यंत्राची किंमत तर 35 कोटी युरोच्या आसपास. त्यातल्या पहिल्याची रवानगी डिसेंबर 2023 मध्ये झाली, इंटेलकडे. एएसएमएलने निघालेल्या खोक्याचा फोटो टाकला, त्यावर छान लाल फीत बांधलेली होती.