शॉर्ट्सच्या जाहिरातीतून हिस्सा मिळतो तो कसा?

मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ टाकून पैसे मिळतात, ही गोष्ट आता कारखान्यातल्या पोरांपर्यंत पोचली आहे. पैसे मिळतात हे खरे. पण ते कोणत्या हिशोबाने मिळतात हे ठाऊक नसल्यामुळे काहीजण चालता धंदा सोडायला निघतात. म्हणून युट्यूब शॉर्ट्सचा हिशोब आम्ही येथे मांडत आहोत.

युट्यूबवर लांब व्हिडिओ टाकला, तर त्यावर लागलेल्या जाहिरातीच्या उत्पन्नातून शेकडा ५५ हिस्सा बनवणाऱ्याला मिळतो. शॉर्ट्समध्ये जाहिरात दोन व्हिडिओंच्या मध्ये येते. ती अलीकडच्याची की पलीकडच्याची, हे कोण ठरवणार? त्यामुळे १ फेब्रुवारी २०२३ पासून महिन्याचे उत्पन्न एका सामाईक गल्ल्यात धरले जाते. व्हिडिओत गाणे नसेल, तर त्याच्या वाट्याचे सगळे उत्पन्न कारागिरांच्या, म्हणजे व्हिडिओ बनवणाऱ्यांच्या गल्ल्यात पडते. एक गाणे असेल तर निम्मे, दोन असतील तर एक तृतीयांश. बाकीचे संगीताच्या हक्कापोटी जाते. मग ज्याचे जितके व्ह्यूज, तितकी त्याची वाटणी. आणि त्या वाटणीतले शेकडा ४५ हाती पडतात.

समजा, हिस्सा मंजूर झालेल्या सर्वांचे मिळून १० कोटी व्ह्यूज झाले आणि त्यांवर १० लाख रुपये जमले. (आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.) त्यातले २ कोटी व्ह्यूज एका गाण्याच्या व्हिडिओंचे. तर १ लाख संगीताकडे गेले, ९ लाख उरले. तुमचे व्ह्यूज १० लाख, म्हणजे शेकडा एक. वाटणी ९,००० रुपये, हाती ४,०५०. गाणे न वापरणाऱ्यालाही तेवढेच! संगीताचा खर्च सर्वांच्या गल्ल्यातून जातो, ही यातली मेख आहे.

या गल्ल्यात शिरायला १,००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज लागतात. किंवा वर्षभरात लांब व्हिडिओंचे ४,००० तास. मंजुरीपूर्वीचे व्ह्यूज हिशोबात येत नाहीत. सिनेमाचा तुकडा जसाच्या तसा टाकला, दुसऱ्याचा व्हिडिओ उचलला किंवा व्ह्यूज विकत घेतले, तर तेही धरत नाहीत. शिवाय ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी दिसणारा आकडा वाढतो. पैशासाठी मात्र त्याहून वेगळा, खरोखर पाहणाऱ्यांचा आकडा धरतात. तेव्हा मोठा आकडा पाहून कोणी उसनवारी करू नये.

वाटणी देशवार होते, हे व्यापाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावे. मिरजेचा सतारमेकर भोपळा कोरताना, तारा चढवताना दाखवतो आणि तो व्हिडिओ अमेरिकेत पाहिला जातो, तर ते व्ह्यूज तिथल्या गल्ल्यातून मोजले जातात, इथले इथल्या. जाहिरातीचा दर देशोदेशी सारखा नसतो, म्हणून सारख्याच व्ह्यूजवर दोघांची कमाई वेगळी निघते. आमच्या मते अशा कारागिराने जाहिरातीचा हिस्सा वरकड धरावा. सतारीचे एक गिऱ्हाईक त्या व्हिडिओतून आले, तर ते पैसे कोणाच्या वाटणीत जात नाहीत. व्हिडिओत दुकानाचे नाव आणि गाव स्पष्ट दिसू द्यावे, एवढे मात्र करावे.

पैसे गुगलच्या ॲडसेन्स खात्यात जमतात आणि १०० डॉलर झाल्याशिवाय बँकेत येत नाहीत. तिथे कराचा फॉर्म भरायचा असतो. तो भरून भारताच्या करारातील सवलत घेतली, तर अमेरिकेतल्या प्रेक्षकांपासूनच्या कमाईवर १५ टक्के कापले जातात. फॉर्मच न भरल्यास सबंध जगातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. त्यासाठी पॅन कार्ड जवळ ठेवून खाते उघडतानाच तो भरून टाकावा.