अद्भुताच्या राज्यातून परतण्याची वाट

आपल्या संस्थेच्या बालवाचनालयासाठी पुस्तके निवडण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. दरवर्षी यादी विश्वस्तांपुढे गेली की एक प्रश्न हटकून निघतो. चरित्रे, शास्त्रीय माहिती, प्रवासवर्णने यांस कोणाची हरकत नसते. पण पऱ्या, राक्षस, उडते सर्प आणि बोलती जनावरे यांच्या पुस्तकांपाशी आले की कोणी तरी वडीलधारे सभासद चष्मा वर सरकवून विचारतात, "या असल्या गोष्टींनी मुलांचे होणार काय? आधीच ती मोबाइलच्या पडद्यात बुडालेली, त्यात आणखी ही स्वप्नसृष्टी!" हा प्रश्न तिरसटपणाने विचारलेला नसतो. विचारणाऱ्यांनी कष्टाने दिवस काढलेले असतात, देणगीदारांच्या पैपैचा हिशेब त्यांना द्यावयाचा असतो, आणि मुलांनी जगाकडे पाठ फिरवू नये ही त्यांची काळजी खरी असते. महोत्सवी अंकाच्या निमित्ताने या प्रश्नाचा जरा खोलात जाऊन विचार करावा असे आम्हांस वाटले.

अद्भुतकथा ही काही परक्यांकडून आलेली चैन नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. श्रावणातल्या कहाण्यांतले आटपाट नगर कोणत्याच नकाशावर नाही. राक्षसाचा जीव सातासमुद्रापलीकडच्या पोपटात असतो हे आपल्या आज्यांनी आपणांस सांगितले, आणि आपण ते बिनतक्रार ऐकले. साक्रेतिसाचे चरित्र लिहिणारे कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्यासारखे गंभीर वृत्तीचे पंडितदेखील 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणावयास बसले. येथे बडोद्यात १९१० साली सयाजीराव महाराजांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांस बोलावून गावोगाव मोफत वाचनाची सोय केली, त्या परंपरेतले आपण लोक. तेव्हा पुस्तक वाईट की चांगले, याची पारख करावयाची ती ते वाचून करावी, त्यात राक्षस आहे की नाही एवढ्यावरून नव्हे.

पण "आमच्या आजीने सांगितले म्हणून चांगले" हे उत्तर पुरेसे नाही. कल्पनेत रमणारे मूल जगापासून पळते काय, हा खरा मुद्दा आहे. याचे आमच्या माहितीतले सर्वांत प्रामाणिक उत्तर एका जर्मन पुस्तकात आहे, आणि विशेष म्हणजे ते पुस्तक स्वतःच एक अद्भुतकथा आहे. 'न संपणारी गोष्ट' असे त्याच्या नावाचे मराठी करता येईल. लेखक मिखाएल एंडे. पुस्तक १९७९ साली श्टुटगार्टच्या थीनेमान प्रकाशनाने काढले. राल्फ मॅनहाइम यांचे इंग्रजी भाषांतर १९८३ मध्ये निघाले, आणि चाळीसहून अधिक भाषांत ते गेले आहे.

एंडे यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९२९ चा. त्यांचे वडील एडगार एंडे हे स्वप्नातल्यासारखी विलक्षण चित्रे काढणारे चित्रकार. नाझी राजवटीला असली कला खपत नसे. १९३६ मध्ये त्यांच्यावर बंदी आली. पुढे युद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, शाळकरी पोरांनाही लढावयास बोलावले गेले, तेव्हा या मुलाने भरतीचा हुकूम फाडून टाकला आणि म्यूनिकच्या बाजूला राजवटीविरुद्ध काम करणाऱ्या गटाचा निरोप्या म्हणून तो वावरला. हे येथे अशासाठी सांगितले की, "स्वप्नाळू माणसे संकटात कुचकामी ठरतात" असे जे आपण सहज म्हणतो, ते या घरापुरते तरी खरे नव्हते.

युद्धानंतर एंडे नाट्यशिक्षण घेऊन लेखनाकडे वळले. 'जिम क्नोप्फ' हे त्यांचे पहिले बालपुस्तक अनेक प्रकाशकांनी परत पाठविल्यावर १९६० मध्ये निघाले आणि पुढच्याच वर्षी त्यास जर्मनीचे बालवाङ्मयाचे पारितोषिक मिळाले. परंतु त्या काळच्या जर्मन टीकाकारांत एक मत प्रबळ होते: मुलांनाही वास्तवच द्यावे, समाजाचे प्रश्न द्यावेत, परीकथा म्हणजे पळवाट. पलायनवादी हा शिक्का एंडे यांच्यावर वारंवार बसला, आणि त्या वातावरणाला कंटाळून ते १९७१ च्या सुमारास इटलीत, रोमजवळ, राहावयास गेले. म्हणजे आपल्या बैठकीतला प्रश्न तिकडे फार कडवटपणे विचारला गेला होता. 'न संपणारी गोष्ट' तेथे इटलीत लिहिली गेली, आणि त्या प्रश्नाचे उत्तर तिच्या पोटात आहे असे आम्ही मानतो.

कथा अशी. बास्टिअन नावाचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. आई वारलेली. वडील दातांच्या कवळ्या वगैरे बनविणारे कारागीर. पत्नीच्या मृत्यूनंतर घरात असून नसल्यासारखे. मुलगा लठ्ठ, शाळेत चेष्टेचा विषय. एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तो एक पुस्तक चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून वाचू लागतो. त्या पुस्तकात फांटाझिएन नावाचे अद्भुत राज्य आहे आणि ते राज्य नाहीसे होत चालले आहे. आग नाही, पूर नाही. जेथे काही होते तेथे काहीच उरत नाही. राज्याची बालसम्राज्ञी आजारी आहे आणि तिला माणसाच्या मुलाने नवे नाव दिल्याखेरीज ती बरी होणार नाही. अत्रेयु नावाचा दुसरा एक मुलगा त्या शोधास निघतो. मूळ आवृत्तीत माणसांच्या जगाचा मजकूर तांबड्या शाईत आणि फांटाझिएनचा हिरव्या शाईत छापला आहे. मुलांना हे फार आवडते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांलाही आवडले.

या पूर्वार्धात एक प्रसंग आहे. त्याच्याकरिता आम्ही हे पुस्तक कोणाही विश्वस्तांच्या हाती देण्यास तयार आहोत. ग्मोर्क नावाचा लांडगा साखळीने बांधलेला, मरणपंथास लागलेला आहे. तो अत्रेयुला विचारतो की, त्या शून्यात पडलेल्या तुमच्या प्राण्यांचे पुढे काय होते हे तुला ठाऊक आहे काय? ते माणसांच्या जगात जातात, पण तेथे गेल्यावर ते असत्य होतात. कोणाच्या डोक्यातला भ्रम होतात, कोणाच्या मनातली नसती भीती होतात. आणि ज्यांना माणसांवर सत्ता गाजवावयाची असते ते या असत्यांचा उपयोग करून माणसांकडून नको त्या वस्तू विकत घेववितात, ज्यांना ती ओळखतही नाहीत त्यांचा द्वेष करावयास लावतात.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. कल्पनाशक्ती वापरली नाही तर ती निमूटपणे नाहीशी होते आणि मागे स्वच्छ व्यवहारी बुद्धी उरते, असे आपण समजतो. एंडे यांचे म्हणणे निराळे आहे. माणसाच्या मनाला चित्रे लागतातच. ती गोष्टींतून मिळाली नाहीत तर अफवांतून मिळतील. परीकथा ऐकणाऱ्या मुलाला ती परीकथा आहे हे पक्के ठाऊक असते. आपल्या फोनवर रोज सकाळी येणारी भयंकर वार्ता पुढे धाडणाऱ्या प्रौढ गृहस्थाला मात्र ती गोष्ट आहे हे ठाऊक नसते. ज्याचे बालपण हिटलरच्या जर्मनीत गेले त्याच्या लेखणीतून हा लांडगा उतरावा याचे आम्हांस नवल वाटत नाही.

बास्टिअन अखेर सम्राज्ञीला नाव देतो आणि स्वतः त्या राज्यात जातो. सामान्य पुस्तक येथे संपले असते. वोल्फगांग पेटरसन यांचा १९८४ चा चित्रपट येथेच संपतो, इतकेच नव्हे तर शेवटी बास्टिअन त्या राज्यातल्या उडत्या नागावर बसून आपल्या गावातल्या दांडगट पोरांचा पाठलाग करताना दाखविला आहे. एंडे यांस हा चित्रपट इतका नापसंत पडला की त्यांनी आपले नाव श्रेयनामावलीतून काढावयास सांगितले. ज्या मुलांनी केवळ चित्रपट पाहिला आहे त्यांनी पुस्तकाचा अर्धा भाग पाहिलेला नाही, आणि आमच्या मते महत्त्वाचा अर्धा तोच.

कारण उत्तरार्धात लेखक त्या वडीलधाऱ्या सभासदांचीच बाजू घेतो. बास्टिअनला सम्राज्ञीचे चिन्ह मिळते आणि त्याची प्रत्येक इच्छा पुरी होऊ लागते. तो देखणा होतो, बलवान होतो, शूर होतो. पण प्रत्येक इच्छेबरोबर त्याच्या जुन्या आयुष्यातली एकेक आठवण पुसली जाते. आपण लठ्ठ होतो हे तो विसरतो, शाळेतली चेष्टा विसरतो, आपण दुसऱ्या जगातून आलो हेही विसरत जातो. खुशामत करणाऱ्या एका चेटकिणीच्या नादाने तो सम्राट होऊ पाहतो आणि अत्रेयुला, आपल्या सख्ख्या मित्राला, तलवारीने जखमी करतो. मग तो एका नगरात पोहोचतो. तेथे त्याच्यासारखेच इतर लोक आहेत. सारे एके काळी सम्राट झालेले किंवा होऊ पाहिलेले. आठवणी संपल्या, म्हणून त्यांच्या इच्छाही संपल्या. इच्छा नाहीत, म्हणून परतीची वाट नाही. एक माकड त्यांना अक्षरांचे फासे फेकावयास देते आणि त्या फाशांतून काही शब्द होतो का हे ते वेडे दिवसभर पाहत बसतात. स्वप्नसृष्टीच्या धोक्याचे याहून भयाण चित्र आमच्या वाचनात नाही.

आखाराई नावाच्या प्राण्यांचे प्रकरण तर धर्मादाय संस्थेच्या प्रत्येक सभासदाने वाचावे. हे कुरूप जीव आपल्या रूपाच्या लाजेने सतत रडतात, आणि त्यांच्या अश्रूंनी धुतलेल्या चांदीची अतिसुंदर नक्षी ते घडवितात. बास्टिअनला त्यांची दया येते. त्यांना नेमके काय हवे याचा फारसा विचार न करता तो त्यांना सदा हसणारे रंगीबेरंगी श्लामुफेन करून टाकतो. झाले! त्या टवाळांनी पहिले काम काय केले, तर स्वतःच घडविलेले सारे मोडून टाकले. पुढे बास्टिअनजवळ घरी जाण्याचे एकच साधन उरते: विसरलेल्या स्वप्नांच्या खाणीतून महिनोन् महिने राबून मिळविलेले आपल्या वडिलांचे चित्र. ते चित्रही याच श्लामुफेनांच्या गोंगाटात भंगून जाते. दयेने केलेली, पण पुरती न विचारलेली कल्पना कोठवर पाठलाग करते, हे मुलास समजावयाला दुसरा धडा लागत नाही.

बास्टिअन परत कसा येतो, ते सारे सांगून आम्ही कोणाचा आनंद हिरावणार नाही. एवढेच सांगतो की त्याची अखेरची खरी इच्छा सामर्थ्याची नसून कोणावर तरी माया करता यावी अशी असते, आणि तो वडिलांसाठी तिकडचे जीवनजल ओंजळीत घेऊन निघतो. पाणी वाटेत सांडते. पण रात्रभर मुलाला शोधून थकलेला तो अबोल बाप त्याची सारी हकीकत ऐकतो आणि रडतो. कित्येक महिन्यांनंतर त्या घरात दोन माणसे एकमेकांशी बोलतात. मग बास्टिअन एकटाच त्या दुकानदाराकडे जाऊन चोरीची कबुली देतो. पूर्वी ज्याला चार पोरांना सामोरे जाववत नव्हते, तोच हा मुलगा.

या पुस्तकाच्या जन्माची एक हकीकत एंडे सांगत असत. मुलगा वाचता वाचता गोष्टीत शिरतो आणि त्याला बाहेर येणे कठीण होते, एवढेच कलम त्यांनी एका चिठोऱ्यावर टिपून ठेवले होते. प्रकाशकाने १९७७ मध्ये नवे पुस्तक मागितले तेव्हा ते लहानसे होईल असे त्यांस वाटले. लिहावयास बसल्यावर मात्र बास्टिअनला परत कसे आणावे हेच त्यांना सुचेना, आणि पुस्तक लांबत गेले. आत जाण्याची वाट कोणालाही सापडते. बाहेरची वाट लेखकालाही शोधावी लागली. म्हणून आम्ही बैठकीत असे सुचविले आहे की अद्भुतकथांची पुस्तके निवडताना एवढेच पाहावे: त्यातला नायक परत येतो काय, आणि येताना कोणासाठी काही आणतो काय? या कसोटीवर पुष्कळशी चकचकीत मुखपृष्ठांची पुस्तके गळतात, हेही आम्ही कबूल करतो. आणि दुसरे म्हणजे अशी पुस्तके मुलाच्या हाती देऊन आपण मोकळे होऊ नये. वाचून झाल्यावर त्याची गोष्ट ऐकावयास घरात एक माणूस रिकामे असावे. बास्टिअनच्या बापाला हे उशिरा साधले; आपल्यापैकी कित्येकांना तेवढेही साधत नाही.

यंदाच्या यादीत हे पुस्तक आहे. एंडे जागोजागी एखाद्या पात्राची हकीकत अर्ध्यावर सोडतात आणि ती पुढे कधी तरी सांगू म्हणून निघून जातात. बास्टिअनने सुरू केलेल्या या साऱ्या गोष्टी पुऱ्या करण्याचे वचन अत्रेयु देतो, तेव्हा कोठे त्याला घरी जाता येते. म्हणून पुस्तकाबरोबर वाचनालयाच्या टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवावी असे आम्ही योजिले आहे. श्लामुफेनांचे पुढे काय झाले, ते पुन्हा चांदी घडवू लागले का, हे ज्यांना ठाऊक असेल त्या मुलांनी त्या वहीत लिहावे. पेन्सिल आमच्याकडून मिळेल.