बोटाची किंमत किती, मामा?

सेफ्टी ट्रेनिंग म्हणजे जांभया देत सर्टिफिकेट मिळवायचा कार्यक्रम, असं तुम्हालाही वाटतं? मलाही वाटायचं. मग सांगलीत मामाच्या शेजारी बसून मी असा एक ऑनलाइन क्लास केला आणि घरातलाच एक जुना हिशेब उघडा पडला.

शनिवार, सकाळचे दहा. कुपवाड एमआयडीसीतल्या मामाच्या वर्कशॉपचं एवढंसं ऑफिस. टेबलावर लॅपटॉप, भडंगाची पुडी आणि चहाचे तीन ग्लास. स्क्रीनवर झूमचे तीसेक चौकोन, त्यातले निम्मे काळे. भिंतीपलीकडे पॉवर प्रेसची धडधड.

मामा ज्या मोठ्या कंपनीला पार्ट पुरवतो, तिने सगळ्या व्हेंडरना फर्मान काढलं होतं. मालकांनी सुरक्षा आणि अपघात भरपाईचं ट्रेनिंग करायचं, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा! दोन शनिवार, तीन-तीन तास. मला फीचरला विषय हवा होता, म्हणून मी पुण्याहून आले. मामेभावाला कॅमेरा चालू करून द्यायला कुणीतरी हवंच होतं.

"मालकानं काय काय म्हणून बघायचं गं?" मामा कुरकुरला. "बँकेचा हप्ता, लाइट बिल, आता हे झूम."

पहिला तास अपेक्षेप्रमाणेच गेला. हेल्मेट, गॉगल, फायर एक्स्टिंग्विशर. मामाने दोन फोन घेतले. मग ट्रेनर बाईंनी पुढची स्लाइड लावली आणि ऑफिसमध्ये एकदम शांतता पसरली.

शरीराची मार्कशीट

ती स्लाइड म्हणजे एक तक्ता होता. डावीकडे अवयव, उजवीकडे टक्के. अंगठा गेला, ३० टक्के. एका हाताची चारही बोटं, ५० टक्के. पूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, करंगळी ७. कामावर असताना झालेल्या इजेमुळे माणसाची कमाईची ताकद किती कमी झाली, हे मोजायचं कायद्याचं माप. अंगावर काटा येतो ना? पण हा तक्ता नसता, तर बोटाची किंमत मालकाच्या मूडवर ठरली असती.

हा कायदा १९२३ सालचा. तेव्हाचं नाव वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन अॅक्ट, २०१० पासून एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन अॅक्ट. जर्मनीने अशी तरतूद १८८४ मध्ये केली, इंग्लंडने १८९७ मध्ये. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा शंभरीपार कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. मात्र त्याआधीच्या अपघाताचा हिशेब जुन्या कायद्यानेच.

गणित तसं सोपं आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराचे ६० टक्के घ्यायचे आणि त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. मृत्यू झाला तर ६० ऐवजी ५० टक्के. अपंगत्व अंशतः असेल, तर आलेल्या रकमेवर तक्त्यातले टक्के लावायचे. हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५ हजार रुपये धरली गेली.

बाई म्हणाल्या, "एक उदाहरण करून बघा. वय २५, पगार १४ हजार, उजवी तर्जनी."

मामेभावाचा हात कॅल्क्युलेटरवरच थांबला. कारण हे उदाहरण आमच्या ओळखीचं होतं.

स्टॅम्प पेपरवर मिटलेलं प्रकरण

२०२४ च्या उन्हाळ्यात मामाच्याच प्रेसवर एका मुलाचं बोट गेलं होतं. मुलगा साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. वय २५, पगार १४ हजार. मामाने त्याला स्वतःच्या गाडीतून मिरजेला हॉस्पिटलमध्ये नेलं, सगळं बिल भरलं, वर ५० हजार दिले. 'माझी काही तक्रार नाही' असा स्टॅम्प पेपर झाला. घरात सगळे म्हणाले, मामा देवमाणूस. मीही म्हटलं होतं.

आता स्क्रीनवरचा हिशेब बघा. १४ हजारांचे ६० टक्के ८,४००. पंचविशीचा आकडा २१६.९१. गुणाकार १८,२२,०४४. त्याचे १४ टक्के म्हणजे २,५५,०८६ रुपये.

"ते मिटलंय की," मामा हळूच म्हणाला. मग माइक ऑन करून त्याने विचारलं, "मॅडम, कामगारानं लिहून दिलं असेल तर?"

उत्तर आलं, "हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढे निरर्थक. तडजोड करायची तर ती कमिशनरकडे नोंदवावी लागायची. नोंदवली नसेल, तर पूर्ण भरपाई द्यायची आणि आधी दिलेल्या पैशांतले साधारण निम्मेच वळते होणार."

शिवाय भरपाई एका महिन्याच्या आत दिली नाही, तर वर्षाला १२ टक्के साधं व्याज. टाळाटाळीला सबळ कारण नसेल, तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. विमा कंपनी भरपाई आणि व्याज देईल, पण दंड मालकाच्याच खिशातून, हे सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच स्पष्ट केलंय. मामाकडे तर पॉलिसीच नव्हती.

मामाने शेवटचा पत्ता टाकला. "पण गार्ड त्यानंच काढला असेल तर?"

कामगाराने मुद्दाम, जाणूनबुजून गार्ड काढला असेल, तर मालकाला हा बचाव मिळू शकतो. मात्र मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर तोही नाही. बाई हे सांगत असतानाच मामेभावाने माइक म्यूट केला.

"पप्पा, गार्ड तर आपणच काढून ठेवला होता. पीस कमी निघत होते म्हणून."

त्यानंतर भडंगाला कुणीच हात लावला नाही.

पोवई नाक्यावरचा चहा

पुढच्या आठवड्यात मी साताऱ्याला गेले. तो मुलगा आता पोवई नाक्याजवळ मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. स्क्रीनगार्ड लावायचं काम त्याला जमत नाही, ते दुसरा पोरगा करतो. हा काउंटर सांभाळतो. पगार वर्कशॉपपेक्षा कमी.

"मामांनी लई केलं माझ्यासाठी," तो आधी हेच म्हणाला. मी त्याला आकडा सांगितला. तो बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, "ताई, हे तेव्हा कुणी सांगितलं का नाही?"

खरं तर सांगायला हवंच होतं. भरपाईचा हक्क काय आहे, हे मालकाने नोकरी देतानाच कामगाराला त्याच्या भाषेत लेखी कळवायचं, अशी दुरुस्ती २०१७ मध्येच झाली होती. मामाला ती माहीत नव्हती. मी जर्नलिस्ट. मला तरी कुठे माहीत होती?

आपल्याला काय त्याचं?

तुम्ही म्हणाल, आपण एसीत बसणारी माणसं. ओके, मग ही केस ऐका. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक वॉचमन २२ एप्रिल २००३ ला पहाटे ३ च्या ड्यूटीला निघाला आणि कारखान्यापासून ५ किलोमीटरवर अपघातात गेला. खालच्या कोर्टाने घरच्यांना ३,२६,१४० रुपये मंजूर केले, हायकोर्टाने २०११ मध्ये ते रद्द केले. २९ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ते परत दिले. घर ते काम या प्रवासातला अपघात, वेळ-जागा-परिस्थितीचा कामाशी संबंध दिसला, तर कामावरचाच धरायचा. नव्या संहितेतही हे लिहिलंय. नाइट शिफ्टवाले, ऐकताय ना?

मामाचं काय झालं?

दुसऱ्या शनिवारी मामाने एकही फोन घेतला नाही. प्रेसला आता दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं आहेत. दोन्ही हात बटणांवर असले तरच पंच खाली येतो, म्हणजे डायमध्ये बोट जायचा प्रश्नच नाही. तासाला पीस कमी निघतात, याची कुरकुर चालूच आहे. वकिलाकडे दोन फेऱ्या झाल्या. ५० हजारांतले २५ हजार वजा करून २,३०,०८६ रुपये आणि वर व्याज, असा कागद तयार होतोय. यावेळी तो रीतसर नोंदवला जाणार. एवढे पैसे एकदम कुठून आणायचे, हे मामाने अजून सांगितलेलं नाही. मामीच्या बांगड्यांचा विषय मात्र घरात निघालाय.

तो मुलगा सही करायला सांगलीला येणार आहे. डाव्या हाताने सही करायची प्रॅक्टिस करतोय, म्हणाला.

क्विक चेक: तुमच्या ऑफिसला हे विचारा

• ईएसआयसी लागू आहे का? (पगार २१ हजारांपर्यंत असेल तर.) तिथे कामावरच्या इजेने तात्पुरतं घरी बसावं लागलं, तर साधारण ९० टक्के पगार मिळतो.
• ईएसआयसी नसेल, तर अपघात भरपाईची पॉलिसी आहे का? कॉन्ट्रॅक्टरची माणसं तिच्यात धरलीत का?
• भरपाईच्या हक्काचं पत्र तुमच्या भाषेत मिळालं का?
• अपघात झालाच, तर त्याच दिवशी लेखी नोंद करा. बिलं जपा. आणि 'तक्रार नाही' असं लिहिलेल्या कागदावर घाईने सही करू नका, समोर सख्खा मामा असला तरी!