शाई आणि रंगपूड : भेटकार्डाची मिश्र माध्यमातील पार्श्वभूमी

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• रंजक आणि रंगद्रव्य यांतील फरक सांगता येईल;
• शाई व रंगपूड यांचे थर योग्य क्रमाने देता येतील;
• आपल्या कार्डाचा रंग टिकेल की नाही, हे तपासता येईल.

१. प्रस्तावना

हाताने केलेले भेटकार्ड घेणारा ते बहुधा जपून ठेवतो. पण पाकिटातून काढताना चमकी बोटांना लागली किंवा खिडकीजवळ ठेवल्यावर गुलाबी रंग फिका पडला, तर मेहनत वाया जाते. हे दोष हात सफाईदार नसल्यामुळेच येतात असे नाही. बहुतेक वेळा माध्यमाचा स्वभाव न ओळखल्यामुळे ते येतात. म्हणून कृतीआधी थोडे रसायन समजून घेऊ.

२. रंजक आणि रंगद्रव्य

फाउंटन पेनची शाई बहुधा रंजकाची असते. रंजक पाण्यात पूर्ण विरघळते, कागदाच्या तंतूंत शिरते आणि तिथेच राहते. त्याला वेगळा चिकटपदार्थ लागत नाही. मात्र अनेक रंजके उन्हात लवकर फिकी पडतात. हळदीचा पिवळा रंग हे ओळखीचे उदाहरण आहे.

रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही. गेरू पाण्यात घोटून ठेवा. काही वेळाने तळाशी गाळ बसेल. हे कण कागदाच्या पृष्ठभागावर राहतात, म्हणून त्यांना धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे बंधक लागतो. जलरंगात हे काम डिंक करतो, ॲक्रिलिक रंगात ॲक्रिलिक रेझिन. योग्य रंगद्रव्य फार टिकते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील गेरूचा तांबडा रंग सुमारे दीड हजार वर्षांनंतरही दिसतो.

बाजारात मिळणारी मोतिया चमकीची पूड म्हणजे बहुधा अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर असतो. या थरांवरून प्रकाश परावर्तित होऊन चमक दिसते. गडद शाईवर ती अधिक खुलते.

३. साहित्य

• ३०० ग्रॅम प्रति चौ. मीटर वजनाचा जलरंगाचा कागद आणि कार्डासाठी साधा कार्डशीट
• एकमेकांच्या जवळच्या दोन शाया, उदा. निळी व जांभळी
• गेरू किंवा मोतिया पूड
• डिंकपाणी : १ भाग बाभळीचा डिंक २ भाग कोमट पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळावा
• रुंद ब्रश, मास्किंग टेप, खडेमीठ, कापूस, मास्क

सूचना : पारंपरिक रंगांपैकी शेंदरात शिसे, हिंगुळात पारा आणि हरताळात आर्सेनिक असते. या पुडी वापरू नका. कोणतीही पूड फुंकू नका. ती हाताळताना मास्क लावा आणि पंखा बंद ठेवा.

४. कृती

१) जलरंगाचा कागद चारही बाजूंनी टेपने फळीवर चिकटवा. ओले तंतू फुगतात व कागद वाकतो. टेपमुळे तो ताणलेला राहतो.

२) स्वच्छ पाण्याचा हात फिरवा. कागद चकाकला पाहिजे, पण पाणी साचता कामा नये.

३) शाईचे थेंब सोडा आणि फळी तिरकी करून त्यांना वाहू द्या. साधारण एक तृतीयांश भाग कोरा ठेवा. काळी शाई घेतलीत तर कडांना निळसर किंवा तांबूस छटा दिसू शकते. अनेक काळ्या शाया दोन-तीन रंजकांच्या मिश्रणाच्या असतात आणि पाण्याबरोबर ती वेगवेगळ्या अंतरापर्यंत जातात.

४) ओल असतानाच मिठाचे चार-पाच खडे टाका. मीठ आजूबाजूचे पाणी ओढते व फुलासारखे ठसे उमटतात.

५) कागद पूर्ण वाळू द्या, मग मीठ झटका.

६) आता पूड व डिंकपाणी सम प्रमाणात घोटा, लागेल तसे पाणी घाला आणि मोजक्या ठिकाणी ब्रशने लावा. हा थर शेवटीच द्यावा. आधी दिला तर शाईला तंतूंपर्यंत पोहोचता येत नाही, शिवाय शाईतील पाण्याने डिंक पुन्हा सुटतो.

७) वाळल्यावर कापसाने हलके पुसा. कापसाला रंग लागला तर डिंक कमी पडला आहे. पातळ डिंकपाण्याचा एक हात द्या, पण ब्रश एकदाच फिरवा.

८) कागद रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. मग ९५ × १३८ मि.मी. तुकडा कापून १०५ × १४८ मि.मी.च्या घडीच्या कार्डावर चिकटवा. चारही बाजूंना ५ मि.मी. पांढरी कड राहील. रंगवलेला भाग घडीवर येत नसल्याने थर तडकत नाही आणि आतली बाजू मजकुरासाठी सपाट राहते.

५. नेहमीच्या चुका

• रंग मातकट होणे : लाल-हिरवा किंवा निळा-नारिंगी अशा विरोधी शाया ओल्या असताना एकत्र आल्या. पहिली वाळल्यावरच दुसरी लावा.
• शाई नको तेवढी पसरणे : कागदाला खळ कमी आहे. आधी कोपऱ्यावर एक थेंब टाकून पाहा.
• पुडीचा थर तडकणे : डिंक फार घट्ट झाला किंवा थर जाड बसला.

६. टिकाऊपणाची चाचणी

प्रत्येक शाईची व पुडीची पट्टी रंगवा. पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि ती ऊन येणाऱ्या खिडकीला चार आठवडे लावून ठेवा. मग आच्छादन काढून दोन्ही भागांची तुलना करा. फिकी पडलेली शाई पाकिटात राहणाऱ्या कार्डासाठी ठेवा. भिंतीवर लावायच्या कार्डासाठी टिकलेले रंग घ्या.

सारांश

शाई तंतूंत शिरते. रंगपूड पृष्ठभागावर राहते व तिला बंधक लागतो. म्हणून आधी शाई, मग पूर्ण वाळवण, शेवटी डिंकात घोटलेली पूड.

स्वाध्याय

१. गेरूला बंधक लागतो, पण फाउंटन पेनच्या शाईला का लागत नाही?
२. एकाच पार्श्वभूमीवर आधी पूड व नंतर शाई लावून पाहा. काय फरक दिसतो, तो कारणासह लिहा.